पासवर्ड कशाला हवा?



आपल्या सल्ला केंद्रातला लॅपटॉप सहा वर्षांचा झाला. गेल्या पावसाळ्यापासून वीज गेली की तो पाच मिनिटांत मान टाकू लागला. वस्तीतल्या बैठकीत आधी प्लगची जागा शोधायची, मग बायकांनी कुठे बसायचे ते ठरवायचे. एकदा एक जण आपली हकीकत सांगत असताना मध्येच पडदा काळा झाला. लिहिलेले गेले आणि तिला सारे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले. अशा नोंदी घेणाऱ्या कार्यकर्तीला याचा अर्थ सांगायला नको.

आमच्यापैकी दोघी दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. "सोबत सर नाहीत का?" हा प्रश्न आता इतका सवयीचा झाला आहे की त्यावर जागा घालवत नाही. पुढचे वाक्य महत्त्वाचे होते. "दोन दिवस ठेवून जा, आणि पावतीवर पासवर्ड लिहून द्या."

त्या लॅपटॉपमध्ये काय आहे? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली केलेले अर्ज, मारहाणीच्या खुणांचे फोटो, नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बायकांचे आजचे पत्ते. फायलींच्या कपाटाची किल्ली आपण कुणा परक्याला देत नाही. इथे मात्र सगळे कपाटच काउंटरवर ठेवून येणार होतो. दुकानदार लबाड होता असे नाही, तो सगळ्यांकडूनच पासवर्ड घेतो. पण बॅटरी बदलायला पासवर्ड लागतच नाही. ते काम यंत्र पूर्ण बंद करूनच करायचे असते. त्या दिवशी हे आम्हाला ठाऊक नव्हते. दोघी लॅपटॉप काखेत मारून परत आल्या, आणि काम आम्हीच केले.

अवघड भाग स्क्रू उघडण्याचा नाही, योग्य बॅटरी शोधण्याचा आहे. लॅपटॉपच्या नावावरून बॅटरी मागवू नका. एकाच नावाच्या यंत्रात दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. तळाचे झाकण उघडून जुन्या बॅटरीवरचा नंबर उतरवून घ्या, फोटोही काढा. नंबर जुळला पाहिजे, व्होल्ट जुळले पाहिजेत, वायर जोडायच्या टोकाचा आकार जुळला पाहिजे. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटरीवर मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण असावी लागते. ती नसेल तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

बदलण्यापूर्वी चार्ज पाव हिश्श्याच्या खाली आणा. भरलेली लिथियम बॅटरी चुकून टोचली गेली तर जास्त भडकते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. स्क्रू लहानमोठे असतात. कागदावर तळाचे चित्र काढून ज्या त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. आमच्यातल्या एकीने हे शिवणकामातल्या सवयीने केले, म्हणून शेवटी एकही स्क्रू उरला नाही. झाकण जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने कडेकडेने सैल करायचे. आत आधी बॅटरीची जोडणी सोडवायची, वायर धरून न ओढता टोकाला धरून. मग बॅटरीचे स्क्रू. नवी बसवताना उलट क्रमाने, जोडणी शेवटी. आम्हाला तासभर लागला, त्यातला निम्मा वेळ भीतीचा.

कुकरचा व्हॉल्व्ह बदलणारी, शिलाई मशीन उघडून तेल घालणारी बाई आपल्याकडे कधी 'टेक्निकल' ठरत नाही. तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घरकामात जमा होतो.

एक गोष्ट मात्र धाडसाची नव्हे. टचपॅड वर आलेले दिसले किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. चार्जिंग ताबडतोब थांबवा. ती दाबू नका, टोचू नका. गोंदाने चिकटवलेली असेल तर उचकटायला जाऊच नका, जाणकाराकडे न्या आणि काम होईपर्यंत समोर बसून राहा.

कंपन्या बॅटरी गोंदाने चिकटवतात तेव्हा दुरुस्ती आपल्या हातून काढून घेतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला. त्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतल्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ग्राहक संघटना यावर बोलत असतात. महिला संघटनांनीही बोलायला हवे, कारण आपल्या यंत्रात फक्त आपली माहिती नसते.

जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून आम्ही ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिली.

केंद्राच्या नियमवहीत आता एक ओळ वाढवली आहे: दुरुस्तीला काहीही द्यायचे झाले तर आधी नोंदींची प्रत काढून यंत्रातून त्या पुसायच्या, आणि पासवर्ड कुणालाही, कोणत्याही पावतीवर लिहून द्यायचा नाही.