नागाला दूध, आम्हाला ‘पुढं न्या’

मी बत्तीस शिराळ्याचा. मुंबईत गावाचं नाव काढलं की लोक विचारतात, ‘नागपंचमीवालं ना?’ होय, तेच. पण नागपंचमी वर्षातून एकदा. उसात वाकायचं रोज. आणि उसातला साप काही पूजा घ्यायला आलेला नसतो.

माझ्या चुलत्याला, आप्पाला, परक्याच्या उसात भांगलताना घोणस चावली. पाय सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. एका दवाखान्यात नेला. लस कपाटात होती. डॉक्टर म्हणाला, ‘रिॲक्शन आली तर जबाबदार कोण? पुढं न्या.’ पुढं म्हणजे जीपनं दोन तास. लघवी बंद झाली. नवव्या दिवशी आप्पा गेला.

दोस्तांनो, रिॲक्शन खोटी नाही. ही लस घोड्याच्या रक्तातून काढतात. परळच्या हाफकिननं ती कित्येक वर्षं बनवली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर ती चालते. पण घोड्याचं प्रथिन माणसाच्या अंगाला परकं. खाज सुटते, गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. क्वचित माणूस जातोही. म्हणून विषाची लक्षणं दिसली तरच लस द्यायची.

लक्षणं कळायला मोठी मशीन लागत नाही. कोरड्या काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवा. गोठलं नाही, तर घोणशीचं किंवा फुरशाचं विष भिनलंय. मग लस सुरू करा. रिॲक्शन आली तर लस थांबवा, मांडीत ॲड्रेनलिन टोचा, माणूस सावरला की लस पुन्हा हळूहळू चालू करा. आधी कातडीत टोचून ‘टेस्ट’ बघण्यात वेळ घालवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्या टेस्टवरून पुढची रिॲक्शन कळतच नाही. पोराला चावला तरी डोस मोठ्या माणसाइतकाच. साप वय बघून विष सोडत नाही.

साप जातही बघत नाही. पण ‘पुढं न्या’ हे शब्द मळ्याच्या मालकाला ऐकवले असते का? औषधाच्या भीतीची किंमत प्रत्येक वेळी भांगलणाऱ्यानंच का मोजायची? डॉक्टरनं नोकरी सांभाळायची आणि आमच्या माणसानं जीपमध्ये मरायचं, हा कुठला न्याय?

शहरात शिकणाऱ्या पोरांनो, सुट्टीला गावी गेलात की दवाखान्यात जा. कपाट उघडायला लावा. लस आहे का? ॲड्रेनलिन आहे का? आणि टोचणारा हात आहे का? नसेल तर तिथून हलू नका.

नागाला दूध पाजणारे खुशाल पाजोत. आम्हाला पहिला डोस इथंच पाहिजे. पुढं न्यायचं ते त्यानंतर.