डाउलंडची ल्यूट आणि आजच्या तारा

१/ इंग्लंडचा थोर ल्यूटवादक जॉन डाउलंड १६२६ मध्ये निवर्तला. मंद्र तारेवर धातूचे वेटोळे चढवण्याची युक्ती युरोपात आली ती १६६० च्या सुमारास. तरीही त्याच्या रचनांची अनेक ध्वनिमुद्रणे अशाच तारांवर होतात.

२/ त्याच्या काळी तारा मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्या तातीच्या असत. तात किती उंच स्वर सोसेल हे लांबीवर ठरते, जाडीवर नव्हे. जाडीने बदलतो तो ताण. म्हणून मंद्र स्वरासाठी तात जाड करावी लागे, आणि जाड तात काहीशी बोथट बोलते.

३/ त्यावर उपाय म्हणून मंद्र तारेशेजारी एक सप्तक वरची बारीक तार जोडीला लावत. १६१० च्या ‘व्हरायटी ऑफ ल्यूट लेसन्स’मध्ये डाउलंडने ही जोडणी अमान्य केली. अर्थात, निव्वळ जाड तातीचा नाद त्याला पुरेसा होता.

४/ धातूची तार दीर्घकाळ झंकारत राहते आणि वरच्या स्वरावली झाकोळते. तातीचा नाद लवकर विरतो; त्यामुळे प्रत्येक स्वरपंक्ती स्वतंत्र ऐकू येते.

५/ तात महाग आहे, दमट हवेत उतरते, ऐन वेळी तुटते. वादकाने सोय पाहिली तर त्यात दोष नाही. दोष आहे तो त्या सोयीला ‘अस्सल’ म्हणण्यात. ध्वनिमुद्रिकेवर वाद्याच्या कारागिराचे नाव छापतात, तसा तारांचाही उल्लेख असावा.