वाचनाचा भाडेपट्टा आणि आम्ही न वाचलेला तक्ता

मराठीच्या प्राध्यापकांनी संगणकाच्या सर्व्हरविषयी लिहावे हे अनेकांना अनाठायी वाटेल. दोन वर्षांपूर्वी आम्हांसही तसेच वाटले असते. खरे तर तसे वाटले म्हणूनच हे लिहिण्याची पाळी आमच्यावर आली आहे. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पीएच.डी. व एम.फिल.चे प्रबंध, स्कॅन केलेली जुनी नियतकालिके आणि अध्यापकांची टिपणे यांचा बऱ्यापैकी साठा आहे. 'चोरी थांबावी' म्हणून संस्थेने हा साठा दस्तऐवजांचे अधिकार सांभाळणाऱ्या एका सर्व्हरवर चढवला, आणि कोणी काय वाचावे, किती दिवस वाचावे, छापावे की नाही, हे ठरवण्यासाठी तिघांची समिती नेमली. ते तिघे म्हणजे आम्ही. पुरवठादाराकडून तंत्रज्ञ आला. त्याने प्रशासनाचा कन्सोल उघडला, एकेक रकाना वाचून दाखवला आणि दर वेळी विचारले, "सर, आहे तेच ठेवू ना?" आम्ही दर वेळी "ठेवा" म्हणालो. चहा येईपर्यंत काम संपले होते.

आमचे भांडण त्या तंत्रज्ञाशी नाही. त्याने विचारले होते. भांडण आहे ते "हे तांत्रिक आहे, आपला विषय नव्हे" या आपल्या व्यवसायबंधूंच्या लाडक्या वाक्याशी. कोणी काय वाचावे हे ज्या पडद्यावर ठरते तो पडदा साहित्याच्या अध्यापकाचा विषय नसेल, तर आपला विषय कोणता, हे एकदा कोणीतरी सांगावे. सकाळच्या तासाला आपण रोलाँ बार्थ शिकवतो, लेखकाचा मृत्यू आणि वाचकाचा जन्म यांवर प्रश्न काढतो. त्याच दुपारी वाचकाच्या नावापुढचे सगळे चौकोन रिकामे ठेवून सही करतो.

ही यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात सांगणे भाग आहे. या जातीच्या प्रणालींत अ‍ॅडोबीची 'लाइव्हसायकल राइट्स मॅनेजमेंट' ही एक जुनी आणि ठळक. पुढे ती 'एक्सपीरियन्स मॅनेजर फॉर्म्स'मध्ये 'डॉक्युमेंट सिक्युरिटी' या नावाने राहिली. आमचा सर्व्हर त्या कंपनीचा नव्हे, पण घराणे एकच. अ‍ॅडोबीची प्रशासकांसाठीची मार्गदर्शिका कोणालाही वाचता येते, म्हणून उशिरा का होईना आम्ही ती वाचून काढली. दस्तऐवज कुलूप घालूनच वाटला जातो. त्याच्या पोटात दोन गोष्टी असतात: कोणते धोरण लागू आहे याची खूण आणि सर्व्हरचा पत्ता. वाचकाने फाइल उघडली की आधी त्या पत्त्यावर विचारणा होते, वाचकाची ओळख पटवली जाते, आणि सर्व्हरने होकार दिला तरच किल्ली मिळते. धोरण नंतर बदलले तर पूर्वी वाटलेल्या प्रतींनाही ते लागू होते. एखादा दस्तऐवज 'रद्द' केला, तर जगात जिथे जिथे त्याची प्रत असेल तिथे तिथे ती मिटते. ग्रंथालयातून घरी आणलेल्या पुस्तकाची पाने रात्रीतून चिकटावीत, असा हा प्रकार आहे.

आता कन्सोलवरचे शब्द पाहू. शब्द पाहणे तरी आपले काम आहेच. इंटरनेट नसताना फाइल वाचता येण्याच्या मुदतीला तिथे 'ऑफलाइन लीज' म्हणतात. लीज म्हणजे भाडेपट्टा. जमिनीचा, गाळ्याचा, खाणीचा भाडेपट्टा आपल्या कानांवरून गेलेला असतो. वाचनाचा भाडेपट्टा हा शब्दप्रयोग मराठीत अजून कोणी केलेला नाही, पण व्यवहार सुरू झाला आहे. मुदत संपली की वाचकाने पुन्हा सर्व्हरशी जोडून घ्यायचे, एरवी प्रबंध बंद. आमच्या तक्त्यात ही मुदत सात दिवसांची होती. सात का, हे आम्ही विचारले नाही. ग्रामीण कथेवर काम करणारी आमची एक विद्यार्थिनी जुलैमध्ये भातलावणीसाठी गावी गेली. तिच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. आठव्या दिवशी तिचे तिन्ही प्रबंध मिटले. तिने तक्रार केली नाही. ती परत आली, ग्रंथालयातल्या कपाटातून त्याच प्रबंधांच्या बांधीव प्रती काढल्या आणि टेबलावर बसून मोबाइलने पानामागून पान टिपत राहिली. ग्रंथपालांनी तिला अडवले नाही, हे त्यांचे मोठेपण. चोरी थांबवण्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेने एका सरळ मुलीला चोरासारखे वागायला लावले होते, आणि त्या व्यवस्थेखाली आमच्या सह्या होत्या.

छपाईच्या रकान्याबद्दल फार लिहीत नाही. तो सर्वांना समजतो. मजकुराची नक्कल करू द्यायची की नाही, या रकान्यापाशी मात्र थांबायला हवे, कारण तिथे मराठीचे नुकसान सर्वांत मोठे आहे आणि ते कोणालाच दिसत नाही. आमच्याकडचे जुने प्रबंध श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले आहेत. त्यांची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते. आत पाहिले तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग असतो. त्यात 'दलित' किंवा 'देशीवाद' हा शब्द शोधला तर सापडत नाही. तो मजकूर वापरात आणायचा तर आधी बाहेर काढावा लागतो, परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि मग हाताने तपासावा लागतो. आमच्या एका सहकाऱ्याने मुलांना हाताशी धरून हे काम सुरू केले होते. नक्कल बंद झाली त्या दिवशी ते थांबले. आमच्यातील दृष्टिहीन विद्यार्थ्याची अडचण याच साखळीतली पुढची कडी. स्क्रीन-रीडर त्याला तो निरर्थक ढीगच वाचून दाखवतो. पीडीएफच्या रचनेत अशा साधनांना मजकूर देण्याची परवानगी नकलेच्या परवानगीपासून मुळात वेगळी होती, आणि २०१७ च्या पीडीएफ २.० या प्रमाणकाने तर ती नाकारण्याची सोयच काढून टाकली. प्रमाणक तयार करणाऱ्यांना जे सुचले ते मराठीच्या तीन प्राध्यापकांना सुचले नाही.

या यंत्रणेला सरसकट दुष्ट ठरवण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. ती कचेऱ्यांसाठी घडली. निविदा, कारखान्यांची रेखाचित्रे, दरपत्रके यांसाठी अशी यंत्रणा योग्यच. आमच्या परीक्षा विभागाने प्रश्नपत्रिकांसाठी ती वापरली तर आम्ही टाळ्या वाजवू. त्या जगात फाइल उघडणारा माणूस पगारी असतो, नोकरी सुटली की त्याचा फाइलवरचा हक्क सुटतो. प्रबंधाला तीच व्यवस्था लावली की प्रबंध वाचणाराही नोकर ठरतो. एकदा ते ठरले की त्याच्यावर पाळत ठेवणे ओघाने येतेच. कन्सोलवर 'ऑडिट' नावाचे पान आहे. कोणत्या नावाच्या माणसाने कोणती फाइल कधी उघडली, कधी छापली, कधी त्याला नकार मिळाला, सगळे तिथे नोंदले जाते. अ‍ॅडोबीच्या प्रणालीत वाचकाला "तुमच्या वाचनाची नोंद होत आहे" असे सांगणारी सूचना दाखवण्याची सोय आहे. आमच्या सर्व्हरवरही तशी सोय होती आणि ती बंद ठेवलेली होती. मधेच खिडकी उघडते, मुलांना त्रास होतो, असे कारण आम्हांला मिळाले. आम्ही ती यादी एकदाच पाहिली. एक विद्यार्थी रात्री दोन वाजता एकच प्रबंध पुन्हा पुन्हा उघडत होता. तो कोण आणि प्रबंध कोणता हे आम्हांला कळले, आणि ते कळायला नको होते असे तिघांनाही वाटले. (त्याच यादीत आमच्यापैकी एकाचा प्रबंध सहा महिन्यांत कोणीही उघडलेला नव्हता. ती नोंद मात्र आम्हांला आवश्यक वाटली.)

काही मित्र म्हणतील, कायदाच तसा आहे, आपण काय करणार? कायदा तसा नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ खाजगी वापर, संशोधन, समीक्षा यांसाठीच्या न्याय्य वापराला मोकळीक देते. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या नकलेलाही देते. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी सुलभ रूपातील प्रत करण्याची मुभा त्यात आली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध तीन मोठे परदेशी प्रकाशक न्यायालयात गेले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याच कलमाचा आधार घेऊन अभ्यासक्रमासाठी केलेल्या नकलांना संरक्षण दिले. कुलूप तोडण्याविरुद्धचे कलम ६५ अ हेही २०१२ चेच. त्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, पण ती कायद्याने दिलेल्या अधिकारांचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला. म्हणजे संसदेने वाचकासाठी दार किलकिले ठेवले आणि आम्ही ते आतून लावून घेतले. कलम ५२ चा चौकोन कन्सोलवर कुठेच नाही. हा वाचक समीक्षक आहे, हा शिक्षक आहे, याला अवतरण घ्यायचे आहे, हे यंत्राला ओळखता येत नाही. त्याला ओळखता येतात फक्त नाव आणि पासवर्ड. म्हणून ती ओळख ठेवण्याचे काम तक्ता भरणाऱ्या माणसाचे होते.

वाङ्मयचौर्याचा मुद्दा उरतो, आणि तो आम्ही हलका मानत नाही. आमच्यातील एकाचा लेख दुसऱ्याच्या नावाने छापून आलेला आहे. ती चोरी कशी सापडली? लेख उघडा होता, कोणीतरी दोन्ही वाचले, आणि एका विशिष्ट चुकीच्या सनावरून कळवले. ज्याला चोरायचे आहे तो पडद्यावर पाहून टंकलेखन करून घेतो. त्याला कोणतेही कुलूप अडवत नाही. कुलूप अडवते ते पडताळणाऱ्याला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी साम्याची टक्केवारी मोजायला सांगितली आहे, पण मोजणाऱ्याला ज्याच्याशी तुलना करायची तो मजकूर उपलब्ध तर हवा. बंद पेटीतला प्रबंध चोराच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित. शिवाय आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सर्व संस्थांना पाहता यावी म्हणून इन्फ्लिबनेटकडे द्यावीच लागते. परिणामी आमच्या विभागाचे अलीकडचे काही प्रबंध 'शोधगंगे'वर सर्वांसाठी खुले आहेत आणि आमच्याच ग्रंथालयात आमच्याच विद्यार्थ्यांसाठी बंद.

मराठीला कुलूपबंद ग्रंथ नवे नाहीत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले आणि शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकाला 'लीळाचरित्रा'चे गद्य दिसले नाही. मराठी गद्याचा इतिहास त्यामुळे कसा उलटासुलटा लिहिला गेला, ते आपण दर वर्षी शिकवतो. पण ते कुलूप माणसाचे होते. किल्ली माणसांच्या स्मरणात होती, अक्षरांच्या अदलाबदलीत होती, आणि राजवाड्यांसारख्याला चिकाटीने तिचा उलगडा करता आला. पोथी हाती असली की एक ना एक दिवस ती वाचता येईल अशी आशा धरता येत होती. सर्व्हरच्या कुलुपाला अशी फट नसते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकत घेतलेली पुस्तके वाचकांच्या हातून गेली आणि पैसे परत आले. आमच्या प्रबंधांचे पैसे कोणी कोणाला परत करायचे?

हा प्रश्न आम्ही कल्पनेने विचारत नाही. गेल्या वर्षी महाविद्यालय स्वायत्त झाले. सत्कार झाले, नवे बोधचिन्ह आले, संकेतस्थळाचा पत्ता बदलला आणि जुना पत्ता नूतनीकरण न करता सोडून देण्यात आला. प्रत्येक फाइलच्या पोटात तो जुना पत्ता होता. तीन आठवडे एकही प्रबंध उघडला नाही. फाइली किल्ली मागायला एका अशा घरी जात होत्या जे आता कोणाचेच नव्हते. कार्यालयाने धावपळ करून तो पत्ता पुन्हा मिळवला. तो दुसऱ्या कोणी घेतला नव्हता, एवढेच नशीब. त्या तीन आठवड्यांत वाचले गेले ते कपाटातले बांधीव प्रबंध, ज्यांची रद्दी काढण्याचा ठराव आधीच्या बैठकीत मंजूर झाला होता. आम्ही त्याही ठरावाला हात वर केले होते.

आता आम्ही तक्ता पुन्हा भरला आहे, या खेपेस प्रत्येक रकान्यावर भांडून. प्रबंधांवरचे कुलूप काढावे, स्कॅन केलेल्या नियतकालिकांपैकी प्रताधिकारमुक्त अंकही मोकळे करावेत, ऑडिट बंद करावे, उरलेल्या मोजक्या फाइलींना भाडेपट्टा पूर्ण सत्राचा द्यावा, आणि प्रत्येक दस्तऐवजाची एक बिनकुलपाची प्रत ग्रंथपालांकडे असावी, असे लिहून दिले आहे. रद्दीचा ठराव मागे घेण्याची सूचनाही त्याच कागदावर आहे. एक रकाना मात्र अजून रिकामा आहे: दस्तऐवज रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे असावा. सध्या तिथे त्या तंत्रज्ञाचे नाव आहे, आणि त्याने नोकरी सोडून चार महिने झाले आहेत. त्याच्या जागी प्राचार्यांचे नाव घालावे, ग्रंथपालांचे घालावे, की रकानाच बंद ठेवावा, यावर आम्हां तिघांचे अद्याप एकमत झालेले नाही.