स्विचचे ‘ज्ञात दोष’ आणि व्यापाऱ्याची दियानतदारी

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा कापड धंदा आता केवळ वही-खात्यावर चालत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू लागले आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. ताके बांधून तयार असोत, टेम्पो दारात उभा असो, संगणकातून कागद निघाल्याशिवाय माल हलत नाही. त्यामुळे मोठ्या पेढ्यांनी व प्रोसेस हाउसवाल्यांनी सर्व्हर घेतले. काहींनी मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले ‘ब्लेड सर्व्हर’ स्वस्तात उचलले. या मालाविषयी काही गोष्टी व्यापारी बांधवांपुढे मांडणे आम्हाला जरुरीचे वाटते.

ब्लेड सर्व्हर म्हणजे एका पेटीत पुस्तकांसारखे उभे लावलेले पातळ सर्व्हर. २००६ साली आलेल्या एचपीच्या सी७००० या पेटीत अर्ध्या उंचीचे असे १६ सर्व्हर बसतात. पेटीच्या पाठीमागे नेटवर्क स्विच बसवलेला असतो आणि सगळ्या सर्व्हरची ये-जा त्याच्यातूनच होते. एक सर्व्हर बिघडला तर एक काम अडते, पण स्विच बिघडला तर सारी पेटीच मुकी होते. या स्विचच्या आत जी आज्ञावली कायमची भरलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. कंपनी तिच्यात वेळोवेळी दुरुस्ती करते आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर एक टिपण देते. कोणते दोष दूर झाले आणि कोणते अजून शिल्लक आहेत, हे त्यात लिहिलेले असते. शिल्लक दोषांना ‘ज्ञात दोष’ म्हणतात. सिस्को कंपनी त्यांना ‘कॅव्हिएट’ म्हणते आणि उघडे व मिटलेले अशा दोन याद्या देते.

आमच्या मते या टिपणाची कदर आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला असू नये. ग्रे ताका तपासताना तुटका ताणा, सुटलेला बाणा किंवा तेलाचा डाग दिसला तर त्या जागी किनारीला खूण करतात, म्हणजे घेणाऱ्याला कळते. मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आतले ओले धान्य बाहेर काढले आणि लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, हे विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने मदरशात ऐकला आहे. मालातला ऐब सांगून विकणे ही तिजारतीची पहिली शर्त आहे. जी कंपनी आपल्या स्विचचे दोष स्वतः छापते, ती निदान एवढ्या बाबतीत तरी ही शर्त पाळते, मग ती कोणत्या का मुलखाची असेना.

दुःखाची गोष्ट ही की हे टिपण आपल्याकडे कोणी वाचत नाही. काहीजण म्हणतात, चालू आहे ते चालू द्या, हात लावू नका. काहीजण नवीन आवृत्ती आली रे आली की त्याच दिवशी चढवतात. दोन्ही वाटा नुकसानीच्या आहेत.

हात न लावण्याचे फळ एप्रिल २०१८ मध्ये दिसले. सिस्कोच्या स्विचमधील ‘स्मार्ट इन्स्टॉल’ या सोयीत एक गंभीर दोष होता. कंपनीने २८ मार्चला तो जाहीर करून दुरुस्ती दिली. अवघ्या नऊ दिवसांनी, ६ एप्रिलला, हल्लेखोरांनी ज्यांनी दुरुस्ती केली नव्हती त्यांचे स्विच पुसून टाकले. एकट्या इराणात साडेतीन हजार स्विच बंद पडल्याचे तिथल्या दळणवळण मंत्रालयाने सांगितले.

घाईचे फळ १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका दिवसात बंद पाडले. आपल्या देशातही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ते फर्मवेअर नव्हते, पण धडा तोच आहे.

तिसरा दाखला तर डोळे उघडणारा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने जाहीर केले की, तिच्या सर्व्हरमधील काही एसएसडी डिस्क चालू झाल्यापासून बरोबर ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, कायमच्या बंद पडतील व त्यांवरील माहितीही परत मिळणार नाही. कारण फर्मवेअरमधील तास मोजण्याची चूक. जोडीला दुसरी डिस्क ठेवली म्हणून उपयोग नाही, कारण दोन्ही एकाच दिवशी बसवल्या तर दोन्ही एकाच वेळी मरणार. ज्याने यादी वाचून मुदतीआधी फर्मवेअर बदलले तो वाचला. ज्याने वाचली नाही त्याचे सारे खाते गेले. यादी वाचण्याची किंमत एवढी मोठी आहे.

तेव्हा मधली वाट धरावी. टिपण वाचून आपल्याला लागू असलेला दोष कोणता ते पाहावे. सुरक्षेचा दोष असेल तर विलंब नको, केवळ नवी सोय असेल तर चार-सहा आठवडे थांबण्यात नुकसान नाही. पेटीचा व्यवस्थापक भाग, सर्व्हर आणि स्विच यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळतात का, हे कंपनीच्या तक्त्यात तपासावे. पुष्कळदा जुन्या आवृत्तीवरून थेट नवीनवर उडी घेता येत नाही, मधली एक आवृत्ती आधी चढवावी लागते. स्विचच्या मांडणीची नक्कल व जुने फर्मवेअर बाहेर जपून ठेवावे. पेटीत दोन स्विच असतील तर आधी एक करावा, तो नीट चालला की दुसरा. काम चालू असताना वीज गेली तर स्विच कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसची बॅटरी आधी तपासावी. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. जुम्याच्या नमाजनंतरची वेळ या कामाला चांगली, कारण आपला धंदा थांबलेला असतो आणि कंपनीचा मदत विभाग मात्र चालू असतो. रविवारी नेमके उलटे होते.

आता तक्रारीचा मुद्दा. दोष सांगणे हे अर्धे काम झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये एचपीने आपल्या प्रोलायंट सर्व्हरच्या मूळ रॉमचे अपडेट वॉरंटी किंवा करार असलेल्या ग्राहकांपुरतेच ठेवले. अशी रीत इतर कंपन्यांतही आहे. कंपन्यांचे म्हणणे असे की दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरांना पगार द्यावा लागतो आणि जुना माल जन्मभर सांभाळता येत नाही. यात तथ्य आहे. नव्या सोयीचे पैसे त्यांनी जरूर घ्यावेत. परंतु जो ऐब विक्रीच्या दिवशीच मालात होता, तो काढण्याचे पुन्हा पैसे मागणे आम्हाला न्यायाचे वाटत नाही. आपल्या फिकहमध्ये अशा ऐबाबद्दल खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क आहे, त्याला ‘खियारे-ऐब’ म्हणतात. मदत बंद करायची तर खुशाल करावी, पण शेवटची दुरुस्त आवृत्ती सर्वांना मोकळी ठेवून करावी. या बाबतीत सिस्कोची एक पद्धत वाचकांनी ध्यानात ठेवावी. सुरक्षेच्या जाहीर दोषावरील दुरुस्ती करार नसलेल्या ग्राहकालाही, यंत्राचा अनुक्रमांक आणि त्या सूचनेचा हवाला दिल्यास, मदत केंद्रातून मागता येते.

आणि कंपनीपेक्षा मोठी जबाबदारी आपल्यातल्याच विक्रेत्यांची आहे. वापरलेली पेटी विकताना ‘चालू माल आहे’ एवढेच सांगायचे आणि मदत संपल्याची तारीख गिळून टाकायची, हे ओले धान्य खाली दाबण्यासारखेच आहे. कंपनीने छापलेला दोष विक्रेत्याने लपवला तर गुन्हा त्याचा.

म्हणून आमची विनंती आहे की वापरलेला सर्व्हर किंवा स्विच घेताना बिलावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती आणि कंपनीची मदत कोणत्या तारखेपर्यंत आहे ती. जो विक्रेता लिहून देणार नाही त्याचा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. आपल्या व्यापारी संघटनांनी हा नियम सदस्यांसाठी ठरवून टाकला, तर पुढच्या वर्षी या बाजारात ऐब लपवून विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळणार नाही.