कांचळी कुणी उतरवली?

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या औराद, बसवकल्याण, आळंद, चिंचोळी या तालुक्यांतल्या लमाणी तांड्यांवर आजही एखादी म्हातारी भेटते, जिच्या अंगावरचा प्रत्येक कपडा तिने स्वतः शिवलेला असतो. घेरदार फेटिया, पाठीवर नाड्यांनी बांधायची कांचळी, डोक्यावरून घ्यायची ओढणी. त्यांवर आरसे, कवड्या, जुनी नाणी, रंगीत दोऱ्याचे टाके. जोड मोजकेच, रोजचा एक आणि सणालग्नाचा एक. रोजचा विरला की त्यातला धड तुकडा आणि धड आरसा काढून नव्या कपड्यावर बसवायचा. मोजके, टिकाऊ, आपल्या हाताने शिवलेले कपडे वापरावेत, असे आता शहरांत आवर्जून शिकवले जाते. या बाईला ते आईकडून आले, आईला तिच्या आईकडून.

तिची नात मात्र हे कपडे घालत नाही. काळ बदलला, असे आपण म्हणतो. काळाच्या माथी हे पाप मारू नका. फेटिया जड असतो, धुवायला अवघड, बांधकामावर पाट्या वाहताना पायांत येतो. म्हणून एखादीने तो सोडला असेल तर तो तिचा हक्क आहे, त्यावर कुणी बोलू नये. पण बाजारात ‘ए लमाणी’ अशी हाक आली म्हणून, उघड्या पाठीवर टपरीवरच्या पोरांच्या नजरा फिरल्या म्हणून, एसटीत शेजारची बाई पदर आवरून सरकून बसली म्हणून जिने तो ट्रंकेत टाकला, तिचा पोशाख आपण उतरवला आहे. दुसरा कुणी नाही.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते, की जात ओळखू येईल अशी लुगडी नेसण्याची रीत आणि अंगावरचे ते दागिने टाकून द्या. ती खूण वरच्यांनी लादलेली होती, ती टाकण्यात मुक्ती होती. तांड्यावरच्या बाईचा पोशाख कुणी तिच्यावर लादला नव्हता. तो तिने टाका टाका घालून उभा केला होता. लादलेली खूण झुगारणे आणि स्वतःची कला लाजेने लपवणे यांतला फरक ज्या समाजाला कळत नाही, त्याने महाडचे नाव घेऊ नये.

हे मी मुख्यतः सीमाभागातल्या आपल्या मराठी माणसांना सांगतो आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला बिदर आणि कलबुर्गी म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून भालकी-बसवकल्याणचा मराठी माणूस भाषेवरच्या अन्यायाचे दुःख सांगत आला आहे. ते दुःख खरे आहे. पण त्याच भालकीच्या बाजारात गोरबोली, म्हणजे लमाणांची भाषा, बोलणाऱ्या बाईची नक्कल करून हसणारेही आपणच. हीच लमाणी जमात महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमात. तीन राज्यांनी तिला तीन याद्यांत टाकले, आणि तिन्हीकडच्या बाजारांत वागणूक एकच मिळाली. ज्याला स्वतःची भाषा तुच्छ लेखलेली सोसली नाही, त्याने दुसऱ्याच्या भाषेला आणि वेशाला हसावे?

आणि हे घडले कुठल्या मातीत? बाराव्या शतकात कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, शरणांनी, बसवण्णांच्या अनुयायांनी, श्रमाला कायक म्हटले, पूजेइतके पवित्र मानले. त्यांच्यात सूजीकायकद रामितंदे हे शिंपी होते, कदिरे रेम्मव्वे सूत कातणारी होती. त्यांच्याही आधीचे मुदनूरचे जेडर दासिमय्या विणकर होते. सुई आणि चरखा हातात घेतलेल्या माणसांची वचने या प्रदेशाने आठशे वर्षे जपली. बसवण्णांच्या नावाने मिरवणुका आपण काढतो, त्याच मातीत सुई धरणाऱ्या बाईचे काम मात्र ‘फावल्या वेळचे’ ठरवतो, म्हणजे फुकटचे.

आपल्या घरांतली कपाटे एकदा उघडून पाहा. आहेराच्या साड्यांनी ती भरलेली आहेत, नेसण्यासाठी नव्हे, पुढच्या लग्नात पुढे सरकवण्यासाठी. मानपानाच्या या कापडासाठी मुलीचा बाप व्याजाने पैसे काढतो. अंगाला न लागणाऱ्या कापडाला आपण प्रतिष्ठा दिली आणि दोन जोडांत मानाने जगणाऱ्या बाईला मागासलेली ठरवले.

जुलै 2023 मध्ये जी-20 च्या बैठकीनिमित्त हंपीला लमाणी भरतकामाचे 1755 नमुने मांडले गेले, साडेचारशेहून अधिक स्त्रियांनी ते केले होते आणि गिनीजमध्ये नोंद झाली. मला त्याचा आनंद आहे. संडूरच्या स्त्रियांनी हे मिळवले. पण भिंतीवर टांगलेल्या त्या टाक्यांचे फोटो काढणारी माणसे तोच टाका अंगावर लेवून शेजारी येऊन बसलेल्या बाईला जागा देतील का? शाळांच्या स्नेहसंमेलनात ‘लमाणी नाच’ हमखास असतो. गावातल्या मुली भाड्याचा, यंत्रावर शिवलेला फेटिया घालतात, पालक टाळ्या वाजवतात. त्याच वर्गातली तांड्यावरची मुलगी आपल्या आजीचा फेटिया घालून शाळेत यायला धजत नाही, आणि हे एकाही शिक्षकाला खटकत नाही.

त्या आजीला शाळेत बोलवा. पाहुणी म्हणून नको, शिक्षिका म्हणून, ठरलेले मानधन देऊन. तिला मुलांसमोर खुर्ची द्या. मुलग्यांनाही सुई धरायला लावा, स्वतःचा एक सदरा स्वतः शिवायला लावा. आणि जे दुकानदार तिच्या भरतकामाचे तुकडे घासाघीस करून घेतात आणि शहरात चढ्या भावाने विकतात, त्यांना टाक्यागणिक मजुरीचा हिशेब गावसभेत मागा.