हातातले चाक आणि रस्त्यावरचे चाक

मोटारीला चाके किती, असे मुलांना विचारले तर बहुतेक मुले 'चार' म्हणून मोकळी होतात. एखादा चौकस मुलगा जादा चाक हिशेबात धरून 'पाच' म्हणतो. सहावे चाक बाबांच्या हातात असते, ते मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक रस्त्यावरच्या चाकांनी कोठे जायचे हे ठरते ते याच चाकावर. मात्र त्याचा हुकूम खालपर्यंत पोचला पाहिजे. संसारात काय किंवा मोटारीत काय, वरचा हुकूम खाली पोचेपर्यंत त्याचे काय काय होते, हा मोठा अभ्यासाचा विषय आहे!

आमच्या तुडीलच्या घरी एक जुनी जीप आहे. महाडच्या खाडीपट्ट्यातले हे गाव. पावसाळ्यात चार महिने चिखल आणि उन्हाळ्यात तांबडी धूळ. अशा ठिकाणी जीप म्हणजे घरातले माणूसच. भाताची पोती, लग्नाचे वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सारे तिनेच महाडला पोचवलेले. 1941 साली अमेरिकेत लढाईसाठी जन्मलेली ही जात 1949 पासून मुंबईत माझगावला महिंद्रांच्या कारखान्यात जुळू लागली. आमची जीप सीजे-3बी नमुन्याची, म्हणजे उंच बॉनेटची. विलीज कंपनीने हा नमुना 1953 साली काढला. त्याच्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा वरच्या डोक्यात नेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. गाडीचे नाक उंच दिसते ते ऐटीने नव्हे, निरुपायाने! पुढे पेट्रोलचा खर्च झेपेना म्हणून आमच्या काकांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले.

काका आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. उजवा खांदा धरतो. इकडे जीपलाही वयाप्रमाणे दोन खोडी जडल्या होत्या. उभी असताना चाक इतके जड की दोन्ही हातांनी ओढावे, आणि धावताना इतके सैल की चार बोटे फिरवले तरी गाडीला पत्ताच नाही. गेल्या उन्हाळ्यात समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देताना काकांनी चाक वळवले, तर जीप आधी ऐकेना, आणि मग ऐकले ते असे की डावे चाक थेट गटाराच्या काठावर. आत दोन नातवंडे बसली होती. कोणाला ओरखडाही उठला नाही, पण रात्री जेवणे झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "आता मामंजींनी गाडीला हात लावायचा नाही."

काका काही बोलले नाहीत. उठून ओटीवर जाऊन बसले. पन्नास वर्षे ज्या हातांनी आंबेनळी, कशेडी आणि वरंधा हे तिन्ही घाट उतरवले, त्या हातांबद्दल सुनेने असे म्हणावे, हे त्यांना लागले. माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने तोडगा काढला, "आजोबा, कुर्ल्याच्या बाजारातून पॉवर स्टेअरिंग आणून बसवू. एका बोटाने फिरेल चाक." मी त्या वेळी गावी होतो, म्हणून मेस्त्रीकडे जीप न्यायचे काम माझ्याकडे आले.

मेस्त्री खाडीपट्ट्यातलेच. सारा गाव त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे जीप धुऊन घेतली. "चिखलाखाली काय आहे ते बघू, मग पॉवरचे बोलू," असे म्हणून त्यांनी पुतण्याला चाकावर बसवले. इंजिन बंद, चारी चाके जमिनीवर. पुतण्याने स्टेअरिंग जरासे डावीकडे, जरासे उजवीकडे असे हलवत राहायचे आणि चाचांनी खाली निजून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचे. सांध्याचा एक भाग हलला आणि दुसरा हलला नाही, की तेथे झीज. या तपासणीला ना यंत्र लागते ना वीज. लागतात ती दोन माणसे आणि थोडा धीर.

वाचकहो, त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी गोणपाटावर निजून जो धडा घेतला, तो थोडक्यात सांगतो. हातातले चाक फिरले की त्याचा दांडा खाली एका लोखंडी डबीत मळसूत्रासारखी खाच फिरवतो. त्या खाचेत दोन बोटे अडकवलेली असतात. ती सरकली की डबीबाहेरचा एक हात मागेपुढे हलतो. हा हात एक लांब दांडी ढकलतो. तिला म्हणतात ड्रॅग लिंक. आता मागेपुढे जाणारी हालचाल आडवी करायची, म्हणून पुढे खाली एक कोपऱ्यासारखा तुकडा खिळीवर फिरता बसवलेला असतो. तो बेल क्रँक. त्याच्यापासून दोन दांड्या दोन चाकांकडे जातात. ते टाय रॉड. मोजून पाहा: ड्रॅग लिंकचे दोन सांधे, बेल क्रँकची खिळी एक आणि टाय रॉडचे चार. म्हणजे सात जागा, शिवाय ती डबी. प्रत्येक जागी केसाएवढी झीज धरली तरी सगळ्यांची बेरीज होते, आणि डबीतल्या गिअरच्या पटीने वाढून ती हातातल्या चाकाशी चार बोटे होऊन उगवते.

आमच्या जीपमध्ये खरा चोर निघाला बेल क्रँक. खिळी एका अंगाने झिजून लंबगोल झालेली आणि ग्रीसच्या जागी वाळलेली माती. टाय रॉडचे दोन सांधेही सैल. डबीवरचा स्क्रू मात्र पूर्वी कोणीतरी गच्च आवळून ठेवलेला. चाचा म्हणाले, "झीज एकीकडे आणि औषध दुसरीकडे! हा स्क्रू चाके सरळ ठेवून बेताने लावायचा असतो. फार आवळला तर मधोमध चाक अडकते आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ येत नाही. घाटात याच्याइतका वाईट सोबती नाही."

मग जडपणा कोठून आला? त्यालाही एक कारण नव्हते. डिझेल इंजिनाने नाकावर वजन वाढवले होते. पुतण्याने हौसेने घातलेले रुंद टायर जमिनीला जास्त चिकटत होते. मूळ माप होते 6.00-16, म्हणजे आजच्या डोळ्यांना अगदीच किरकोळ. शिवाय ज्या किंग पिनांवर पुढची चाके वळतात, त्यांची बेअरिंगे कोरडी पडली होती. पुतण्या ओशाळला नाही, पण टायरांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागला.

तरी तो हट्टाने म्हणाला, "चाचा, पॉवर बसवली तर हे सगळे जाणार ना?"

"नाही बाळा. पॉवर हात हलका करते, सांधा घट्ट करत नाही. सैल गाडीला पॉवर म्हणजे बहिऱ्याला मोठ्याने हाक." असे म्हणून त्यांनी दिवा डबीच्या मागे धरला. जेथे डबी बोल्टांनी सांगाड्याला जोडलेली असते, तेथे सांगाड्याच्या पट्टीत केसासारखी एक बारीक चीर गेलेली होती. चिखलाने ती इतकी वर्षे झाकली होती. पंपाचे जोर लावणारी नवी डबी त्याच जागी बसवली असती, तर ताण वाढून एखाद्या दिवशी बोल्टांसकट पट्टी सुटली असती. पुतण्या बराच वेळ त्या चिरेकडे बघत राहिला.

नव्या डबीत गुण नाही असे मुळीच नव्हे. वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे, ही युक्ती म्युनिकच्या लांकेनश्पेर्गरने बग्गीसाठी काढली आणि रुडॉल्फ आकरमनने 1818 साली लंडनला तिचे पेटंट घेतले. त्यानंतरची दोनशे वर्षे माणसाने हे काम हलके करण्यातच घालवली. 1940 साली कॅडिलॅक गाडीत मळसूत्र आणि नट यांमध्ये पोलादी गोळ्या फिरवणारी डबी आली. घासण्याऐवजी गोळ्या गडगडू लागल्या आणि जोर कमी लागू लागला. 1951 साली क्रायसलरने पॉवर स्टेअरिंग विक्रीच्या गाडीत आणले. जुन्या जीपला गोळ्यांची डबी आणि दोन्ही चाकांना जोडणारा एकच लांब टाय रॉड लावला, की बेल क्रँकचे दुखणेच संपते. पण त्यासाठी सांगाडा धडधाकट हवा, दांड्यांचे माप नेमके हवे, आणि मापात बसत नाही म्हणून स्टेअरिंगचा कोणताही हात तापवून वाकवायचा किंवा वेल्डिंगने जोडायचा नाही. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आहे. कंपनीच्या मूळ नमुन्यात असा बदल आपल्या मनाने करता येत नाही. आम्हांला त्यासाठी पेणच्या परिवहन कार्यालयात विचारणे आले.

शेवटी ठरले ते असे. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती पुढे सरकायची थांबवली, वेल्डिंग केले आणि वर जाड पट्टी बोल्टांनी बसवली. बेल क्रँकची खिळी आणि बुश नवे, टाय रॉडचे सांधे नवे, किंग पिनांना ग्रीस, टायर मूळ मापाचे. पुढची चाके पुढच्या अंगाला किंचित आत झुकलेली लागतात. या जीपला सव्वा ते अडीच मिलिमीटर, तेवढी लावून घेतली. गोळ्यांच्या डबीचा विचार एक पावसाळा सांगाडा पारखून मगच.

चार बोटांची ढील बोटभर राहिली. काकांनी खळ्यात जीप उभ्या उभ्या वळवून पाहिली, खांदा चोळला नाही. मग वहिनी ऐकतील अशा बेताने पुतण्याला म्हणाले, "घाट तुझे. महाडचा रस्ता माझा. रात्री मात्र दोघांनीही गाडी काढायची नाही." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "चहा ठेवलाय." आमच्या घरात यालाच संमती म्हणतात.

तुमच्या बिऱ्हाडात जीप नसेल, साधी मोटार असेल, तिला पॉवर स्टेअरिंगही असेल. तरी दिवाळीच्या सुट्टीत गावी निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढा. टायरांत हवा मापाने भरा. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, वळण संपल्यावर चाक आपण होऊन सरळ येते का, टायर एकाच कडेला झिजले आहेत का, हे पाहा. यातले काहीही खटकले तर फराळाचे डबे गाडीत भरण्याआधी तिला मेस्त्रीकडे न्या, आणि त्याला सांगा, आधी धुऊन बघ.