हौशी रेडिओच्या जनरल श्रेणीसाठी मोर्सची सक्ती रद्द करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. वायरलेस सल्लागार, भारत सरकार,
वायरलेस नियोजन व समन्वय शाखा, दूरसंचार विभाग,
संचार भवन, नवी दिल्ली.

विषय : हौशी रेडिओ परवान्याच्या जनरल श्रेणीसाठी असलेली मोर्स परीक्षा ऐच्छिक करणे व त्यासंबंधीच्या इतर मागण्या.

महोदय,

हौशी रेडिओ केंद्र चालवण्याचा परवाना भारतात १९७८ च्या हौशी सेवा नियमांनुसार दिला जातो. पूर्वीच्या अनेक श्रेणींच्या जागी आता दोनच श्रेणी उरल्या आहेत. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला लेखी परीक्षा पुरते. जनरल श्रेणीला अधिक कठीण लेखी परीक्षा आहे आणि शिवाय मोर्सची परीक्षा आहे. मिनिटाला आठ शब्द या वेगाने संदेश ऐकून उतरवता आला पाहिजे आणि त्याच वेगाने मोर्सची की दाबून पाठवताही आला पाहिजे. जनरल परवानाधारकाला ४०० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते, रिस्ट्रिक्टेडला ५०. शक्तीतला हा आठपट फरक आणि प्रसारणाच्या प्रकारांतली मोकळीक मिळणार की नाही, हे बऱ्याच उमेदवारांच्या बाबतीत शेवटी कानाच्या कसोटीवर ठरते. ही कसोटी परवान्याची अट म्हणून राहू नये, असे नवी मुंबईतील परवानाधारक व परीक्षार्थींचे म्हणणे आहे.

ही अट लागू झाली तेव्हा तिला सबळ कारण होते. ३० मेगाहर्ट्‌झखालच्या लहरी दूरवर जातात आणि त्याच पट्ट्यांच्या शेजारी जहाजे, किनाऱ्यावरची केंद्रे, विमानसेवा आणि लष्कर मोर्समध्ये बोलत असत. एखाद्या हौशी केंद्रामुळे आपत्तीसंदेशात व्यत्यय आला, तर सरकारी केंद्र त्याला मोर्समध्येच थांबण्याचा आदेश देई. तो आदेश ज्याला कळत नाही त्याच्या हाती प्रक्षेपक देणे धोक्याचे होते. मोर्सची अट ही वाहतुकीच्या खुणा ओळखता येण्याची अट होती.

त्या खुणा आता रस्त्यावर राहिलेल्या नाहीत. जहाजांसाठी उपग्रह व स्वयंचलित संकेतांवर आधारलेली जागतिक आपत्ती व सुरक्षा प्रणाली १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली आणि समुद्रावरचा मोर्सचा अनिवार्य वापर संपला. भारतात तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद आहे. टपाल कार्यालयातले तारमास्तर आणि त्यांच्या यंत्राची कट्ट-कडकट्ट तर त्याच्याही कितीतरी आधी गेली होती. आज एखाद्या हौशी केंद्रामुळे व्यत्यय आला, तर त्या केंद्रचालकाला मोर्समध्ये आदेश देणारे कोणी नाही.

जगाने याची दखल वीस वर्षांपूर्वीच घेतली. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाने, म्हणजे खुद्द हौशी मंडळींच्या शिखर संघटनेने, २००१ मध्येच ही अट सोडून द्यावी अशी भूमिका घेतली. २००३ मध्ये जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने रेडिओ नियमावलीचे २५ वे कलम बदलले आणि मोर्सची परीक्षा घ्यायची की नाही, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक देशाला दिले. त्याच वर्षी ब्रिटन व जर्मनीने अट काढली. अमेरिकेने ती २३ फेब्रुवारी २००७ पासून काढली. भारताने नंतर आपल्या नियमांत सुधारणा केल्या आणि वेग मिनिटाला बारा शब्दांवरून आठवर आणला. अट मात्र ठेवली. आंतरराष्ट्रीय करार भारताला ही परीक्षा घ्यायला लावत नाही. ती केवळ देशी नियमामुळे टिकून आहे आणि देशी नियमानेच काढता येण्यासारखी आहे.

मोर्सच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य आहे, आणि ते नाकारून या मागणीला बळ येणार नाही. मोर्सचा संदेश साधारण दीडशे हर्ट्‌झ रुंदीत मावतो, तर आवाजाला सिंगल साइडबँडवरही अडीच हजारांच्या आसपास हर्ट्‌झ लागतात. सगळी शक्ती एका अरुंद पट्टीत एकवटते, म्हणून पाच वॅटच्या छोट्या संचावरचा मोर्स दुसऱ्या खंडात ऐकू येतो, आणि तिथे तेवढ्याच शक्तीचा आवाज गोंगाटात विरून जातो. मोर्सचा प्रक्षेपक मोजक्या ट्रान्झिस्टरांत घरी जुळवता येतो. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स संचाने घरी रेडिओ बांधण्याची गोडी भारतातच नव्हे, तर जगभर पसरवली. त्यांच्या नंतरच्या मायक्रोबिटएक्समध्ये मोर्सची सोय आहे आणि तिचा वापर आनंदाने होतो. दृष्टिहीन हौशी केंद्रचालकांमध्ये मोर्सचे प्रेमी विशेष आढळतात. हे सगळे मोर्स शिकण्याचे कारण आहे. ज्याला मोर्स येत नाही त्याला ४०० वॅट का देऊ नयेत, याचे उत्तर त्यात नाही.

परवान्याच्या परीक्षेने काय तपासावे, हा इथला मूळ प्रश्न आहे. परवाना हवाच, कारण रेडिओ लहरी सामाईक आहेत आणि एकाच्या अज्ञानाचा त्रास दुसऱ्याला होतो. म्हणून ज्या अज्ञानाने दुसऱ्याचे नुकसान होते, तेच परीक्षेत शोधले पाहिजे. उमेदवाराला आपल्या पट्ट्याच्या सीमा माहीत आहेत का? अनावश्यक लहरी गाळणारी गाळणी कुठे बसवायची, हे कळते का? शेजारच्या दूरचित्रवाणीत किंवा दवाखान्यातल्या यंत्रात व्यत्यय आला तर काय करायचे? गच्चीवरच्या तारेला अर्थिंग आणि वीजरोधक कसा द्यायचा, अधिक शक्तीच्या अँटेनापासून माणसे किती लांब ठेवायची? ५० वॅटवरून ४०० वॅटवर जाणाऱ्याने हे सगळे पक्के जाणले पाहिजे. मोर्स न येण्याने यापैकी कशालाही बाधा येत नाही. कानाने अक्षरे ओळखणारा पण चुकीच्या जुळणीमुळे पट्ट्याबाहेर लहरी फेकणारा केंद्रचालक आजच्या परीक्षेतून सुटू शकतो. व्यत्ययाचा अभ्यास केलेला पण मोर्सचे डिट-डा, म्हणजे आखूड-लांब ध्वनी, न जमलेला मागे राहतो.

आठ शब्दांच्या वेगाचा मुद्दा वेगळा आणि तांत्रिक आहे, पण महत्त्वाचा आहे. पाच अक्षरांचा एक शब्द धरला तर मिनिटाला चाळीस अक्षरे होतात आणि एका डिटची लांबी सुमारे ०.१५ सेकंद येते. एवढ्या संथ वेगात शिकणारा प्रत्येक अक्षरातले डिट आणि डा मोजत बसतो, मनातल्या मनात तक्ता चाळतो आणि मग अक्षर लिहितो. याच सवयीमुळे दहा शब्दांच्या आसपास त्याची प्रगती अडते, हा मोर्स शिकवणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी १९३० च्या दशकात सुचवलेली पद्धत नेमकी याच्या उलट आहे : पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने, सुरुवातीला दोनच अक्षरे, आणि प्रत्येक अक्षर एक अखंड ध्वनी म्हणून ऐकायचे. प्रत्यक्ष हवेत संवाद वीस शब्दांच्या आसपास चालतो. म्हणजे परीक्षेचा वेग वापरायला अपुरा आहे आणि शिकायला चुकीचा. उमेदवार काही आठवड्यांचे पाठांतर करून उत्तीर्ण होतो, परवाना हाती पडताच की बाजूला ठेवतो आणि वर्षभरात विसरतो. जी परीक्षा कौशल्य टिकवण्यासाठी ठेवली, असे सांगितले जाते, ती कौशल्य टिकवतही नाही.

आपत्तीचा मुद्दा नवी मुंबईला सर्वांत जवळचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि फोनच्या जाळ्याने मान टाकली, हे या महानगरात कोणी विसरलेले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-मुरूड भागातली वीज व मोबाइल सेवा कोलमडली. पुढच्याच वर्षी २२ जुलैला महाडमध्ये पूर आणि तळियेत दरड, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड. कोकण विभागाचा प्रशासकीय कारभार बेलापूरच्या कोकण भवनातून चालतो. त्यामुळे रायगडातल्या प्रत्येक आपत्तीत नवी मुंबई हे मदतीचे नैसर्गिक ठाणे ठरते.

या भूगोलात हातातला व्हीएचएफ संच फार लांब पोहोचत नाही. त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि पारसिकच्या टेकड्या, कर्नाळा, सह्याद्रीचे फाटे त्यांना अडवतात; रिपीटर असला तर तोही विजेवर आणि टॉवरवर अवलंबून असतो. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यातून बेलापूरला बोलायचे तर दिवसा ७ मेगाहर्ट्‌झचा चाळीस मीटर पट्टा आणि रात्री ऐंशी मीटरचा पट्टा कामाला येतो. जमिनीपासून चार-पाच मीटर उंचीवर वीस मीटर लांबीची तार ताणली, की लहर जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून परतते आणि डोंगर ओलांडून शंभर-दोनशे किलोमीटरच्या परिसरात उतरते. बॅटरीवर चालणाऱ्या संचाने हे होते. मात्र पावसाळी विजांच्या खरखरीत ५० वॅट आणि त्याहून अधिक शक्ती यांतला फरक जाणवतो. म्हणून आपत्तीच्या वेळी खरी गरज एचएफवर, म्हणजे ३० मेगाहर्ट्‌झखालच्या या पट्ट्यांवर, पूर्ण अधिकार असलेल्या, तालुक्यातालुक्यांत विखुरलेल्या पुष्कळ केंद्रचालकांची असते. मोर्सची अट नेमकी हीच संख्या कमी ठेवते.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे उदाहरण दोन्ही बाजू देतात. अंदमानात हौशी प्रसारण-मोहिमेसाठी गेलेल्या भारती प्रसाद व त्यांचे सहकारी त्या वेळी पोर्ट ब्लेअरमध्ये होते आणि बाहेरच्या जगाशी त्यांनी जोडून दिलेला दुवा देशभर वाखाणला गेला. ते काम मुख्यतः आवाजावर झाले. कोण सुखरूप आहे, कोणते औषध हवे, कोणाचा निरोप कोणत्या गावी द्यायचा, ही माहिती घाबरलेल्या माणसांकडून घेऊन ताबडतोब पुढे द्यायची असते. मुंबईच्या रेडिओ-इतिहासातला सर्वांत गाजलेला अध्यायही आवाजाचाच आहे : १९४२ मध्ये उषा मेहता व सहकाऱ्यांनी चालवलेली भूमिगत काँग्रेस रेडिओ सेवा ४२.३४ मीटरवर बोलत असे.

सिग्नल अगदी क्षीण असेल तेव्हा मोर्सच तारतो, हेही आता पूर्ण खरे राहिलेले नाही. स्टीव्ह फ्रँके आणि नोबेलविजेते ज्यो टेलर यांनी २०१७ मध्ये आणलेली एफटी८ ही पद्धत केवळ ५० हर्ट्‌झ रुंदीत, कानाला ऐकूही न येणारा संदेश संगणकावर वाचून दाखवते. तिला संगणक आणि अचूक घड्याळ लागते, तिच्यात गप्पा होत नाहीत. पण तिने मोर्सची मक्तेदारी मोडली. कर्णबधिर विद्यार्थी अशा लिखित पद्धतींत कोणाच्याही बरोबरीने काम करू शकतो. त्याला जनरल श्रेणीच्या दारातच कानाची परीक्षा द्यायला लावणे हा उघड अन्याय आहे.

एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो : अट काढली तर हौसेगौसे घुसतील, चाळणी हवी. चाळणी हवी, यावर दुमत नाही. ती लेखी परीक्षा कठीण करून आणि प्रात्यक्षिक जोडून लावावी. दुसरी भीती मोर्स मरेल अशी आहे. ज्या देशांनी सक्ती काढली तिथे ती खरी ठरलेली नाही. दर नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होणाऱ्या जागतिक मोर्स स्पर्धेत आजही पट्टे गच्च भरलेले असतात आणि त्यांत सक्तीशिवाय, आवडीने शिकलेले तरुण असतात.

नवी मुंबईची व्यावहारिक अडचणही नोंदवणे आवश्यक आहे. परीक्षा दूरसंचार विभागाच्या देखरेख केंद्रांमार्फत होतात आणि मुंबई परिसराचे केंद्र बोरिवलीत गोराई रस्त्यावर आहे. नेरुळ किंवा खारघरच्या बारा-चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याला ठाण्याहून किंवा कुर्ल्याहून गाडी बदलत दादर, तिथून बोरिवली आणि पुढे रिक्षा, असा प्रवास पालकासह करावा लागतो. मोर्समध्ये नापास झाला तर पुन्हा तेच. ज्या शहरात ऐरोली-रबाळ्याचा संगणक उद्योग आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तिथे वर्षातून काही वेळा परीक्षा घेणे विभागाला अवघड नाही.

दूरसंचार अधिनियम, २०२३ हा १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांची जागा घेण्यासाठी केलेला आहे. जुन्या कायद्यांच्या आधारावर उभे असलेले नियम नव्याने तपासण्याची हीच वेळ आहे.

सबब विनंती अशी की, जनरल श्रेणीसाठी मोर्सची परीक्षा अनिवार्य न ठेवता ऐच्छिक करावी. जो उमेदवार ती स्वेच्छेने देईल त्याच्या परवान्यावर तशी नोंद व्हावी, आणि तिचा वेग निदान पंधरा शब्द असावा, म्हणजे त्या नोंदीला अर्थ राहील. सध्याच्या रिस्ट्रिक्टेड परवानाधारकांना फक्त जनरल श्रेणीची लेखी परीक्षा देऊन वरच्या श्रेणीत जाता यावे. या परीक्षेत व्यत्यय-निवारण, विद्युत सुरक्षा व आपत्तीतील संदेशवहन यांवर स्वतंत्र विभाग असावा आणि प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळावी. पट्ट्यांतले मोर्ससाठी प्रथेने राखलेले भाग तसेच राहावेत. त्यांवर आवाजाचे अतिक्रमण कोणालाही नको आहे. नवी मुंबईत वर्षातून किमान दोन परीक्षासत्रे घ्यावीत. नियमांचा मसुदा करताना हौशी रेडिओ संस्थांची बाजू ऐकून घ्यावी आणि या निवेदनावरील निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

निवेदनकर्ते,
नवी मुंबईतील हौशी रेडिओ परवानाधारक व परीक्षार्थी